अधिक एक

वहिनीचं घोडं नेहमी एकाच ठिकाणी अडायचं. अंकगणिती श्रेढी म्हणजे प्रत्येक पद आधीच्या पदापेक्षा सारख्याच फरकाने पुढे जाणारं, हे तिला एकदाच सांगावं लागलं होतं. पहिलं आणि शेवटचं पद मिळवायचं, पदांच्या संख्येने गुणायचं, निम्मं करायचं, हेही तिच्या पचनी पडलं होतं. पण मुळात पदं किती, हे काढायची वेळ आली की दर वेळी एक कमी. सात, अकरा, पंधरा असं करत सत्तेचाळीसपर्यंत गेलं तर पदं अकरा होतात. वहिनी दहा लिहायची, आणि मग पुढची सगळी बेरीज सुवाच्य अक्षरात, समासबिमास सोडून, चुकवायची.

शिकवणारी होती तिची नणंद. कॉलेजात गणित घेतलेली आणि नाकाच्या शेंड्यावर राग असलेली. कळत्या वयापासून बोट नाचवून सगळ्यांना समजावून सांगायची खोड, म्हणून घरात तिचं नावच मास्तरीण पडलं होतं. शिकवणं तिला आवडायचं. शिकणाऱ्याला लगेच समजलं नाही, की मात्र तो आपला जाणूनबुजून केलेला अपमान आहे असं तिला वाटायचं.

वहिनी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे अंगरखे, सगळं धुवायचं, गच्चीवर वाळवायचं आणि घड्या घालायच्या. आता तिथे मोठी यंत्रं येणार होती. दहावी झालेल्या बायकांना शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत घेणार होते आणि बाकीच्यांना नारळ मिळणार होता. वहिनीचे इतर विषय केव्हाच सुटले होते. गणितात ती दोनदा गचकली होती, आणि यंत्रं यायच्या आधीची ही शेवटची परीक्षा. नाही जमलं तर घरी बस, त्यात काय एवढं, असं दादा म्हणाला होता. मागाहून वहिनी मास्तरणीला म्हणाली, "तिथे मला नावाने हाक मारतात गं."

मास्तरणीने ते ऐकलं आणि पुढचं उदाहरण घातलं.

शिकवणी रोज संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर. मास्तरणीने सगळे उपाय करून पाहिले. एकदा तिने वहिनीच्याच गच्चीवरचं उदाहरण काढलं. एका रांगेत खांब, दोन खांबांमध्ये दोरी. दोऱ्या दहा असतील तर खांब किती? वहिनीने पापणीही न लववता अकरा सांगितले. पहिला खांब कोण विसरेल, सगळ्या चादरी मातीत जातील, असंही वर म्हणाली. मास्तरणीला वाटलं, गड सर झाला. मग तिने वही पुढे सरकवली. शेवटच्यातून पहिलं वजा, फरकाने भाग, उत्तर दहा. वहिनीने दहाच लिहिले.

"पहिलं पद कुठे गेलं?" मास्तरणीचा आवाज चढला. "जिथून सुरुवात केलीस तेच मोजत नाहीस तू. दर वेळी सांगते, अधिक एक, अधिक एक. भिंतीला सांगितलं असतं तर भिंत शिकली असती."

वहिनी ओशाळवाणं हसली. मास्तरीणबाई, तुमचा घसा सुकला असेल, चहा टाकते, असं म्हणून ती उठली. पण मास्तरणीचं बोलून झालं नव्हतं. उरलेलं सुनवायला ती मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

ट्रेमध्ये चार कप मांडलेले होते. वहिनीने ते काठोकाठ सारखे भरले. मग पातेल्याच्या तळाशी राहिलेला घोटभर चहा पातेल्यातूनच तोंडाला लावला.

तुझा कप कुठे, असं मास्तरणीने विचारलं. वहिनीला प्रश्नच नीट कळला नाही. सहातले दोन फुटले तेव्हा आई म्हणाल्या होत्या, चार राहिलेत, पुरतात. तेव्हापासून हे असंच. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

मास्तरणीला ते आठवलं. दुसरा कप तिच्याच हातून फुटला होता. आई म्हणाली तेव्हा ती समोर बसली होती, आणि तिलाही चार पुरतात असंच वाटलं होतं. आई, बाबा, दादा आणि आपण. त्यानंतर रोज ट्रे समोर यायचा, प्रत्येकाला कप मिळायचा, काही उरायचं नाही. हिशोब चोख होता, फक्त घरात माणसं पाच होती. तिला लाज वाटली. भिंतीचं बोलणं तर तिला परत घ्यावंसं वाटलं, पण ते काही घेता आलं नाही. तिने गुपचूप ट्रे उचलला आणि बाहेर नेला. त्या दिवशी पुढे शिकवणी झाली नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मास्तरणीने स्वतः चहा केला. घरात हे आक्रितच होतं. वहिनी पेनं, ओळखपत्र असं सगळं पिशवीत भरून बाहेर आली, ट्रेकडे पाहिलं आणि घाईघाईने केस सारखे केले.

"कोण आलंय?" तिने हळूच विचारलं.

"कोणी नाही."

"मग पाचवा?"

"तुझा."

कप हिरवा होता, आदल्या दिवशी बाजारातून आणलेला. हा संचातला नाही, विजोड दिसतो, असं आईने तेवढ्यात म्हटलंच. उशीर होत होता, तरी वहिनी खुर्चीवर बसली आणि कप रिकामा होईपर्यंत उठली नाही.

निकाल लागला. पास व्हायला पस्तीस लागत होते, वहिनीला सदतीस पडले. दादाने पेढ्यांऐवजी तोंडभर कौतुक वाटलं. मास्तरीण गुणपत्रिका घेऊन वहिनीशेजारी जाऊन बसली आणि श्रेढीचं उदाहरण आलं होतं का, ते तिने विचारलं.

आलं होतं. चार गुणांना. नाट्यगृहात पहिल्या रांगेत पंधरा खुर्च्या, पुढच्या प्रत्येक रांगेत दोन जास्त, शेवटच्या रांगेत त्रेपन्न. एकूण खुर्च्या किती? वहिनीने सहाशे ऐंशी लिहिलं होतं. मास्तरणीने मनातल्या मनात करून पाहिलं. बरोबर होतं.

"रांगा किती काढल्यास?"

"आधी एकोणीसच आल्या," वहिनी म्हणाली. "गुणायलाही घेतलं होतं. मग म्हटलं, थांब. मी धरून वीस."