ओव्हनवरचं लाल कुलूप

नाशिक फाट्याला बस सिग्नलला थांबली. घाम पुसायला निरंजनने खिशातून रुमाल ओढला आणि रुमालाबरोबर किल्ली बाहेर आली. छोटी, पितळी, लाल पट्टी बांधलेली.

चाकणला तो ज्या कारखान्यात दुरुस्तीचं काम करायचा, तिथला नियम साधा होता. रंग भाजायच्या ओव्हनमध्ये जो दुरुस्तीला शिरेल, त्याने आधी ओव्हन चालू करायच्या पॅनलला स्वतःचं कुलूप लावायचं, म्हणजे कोणाला तो चालू करता येत नाही, आणि बाहेर आल्यावर स्वतःच काढायचं. कुलपावर त्याचा फोटो आणि नाव. कुलूप आहे तोवर माणूस आत आहे, असं धरायचं. आज आतल्या पंख्याचं बेअरिंग बदलून निरंजन बाहेर आला, हात धुतले आणि निघाला. कुलूप तसंच राहिलं.

तोडतील, त्याने स्वतःला सांगितलं. माणूस कारखान्यातून गेल्याची खात्री झाली की साहेबांच्या सहीने कुलूप तोडता येतं. कासारवाडीला उतरून तो खोलीवर आला. चहा ठेवला. तो उतू गेला तेव्हा निरंजन गॅसपाशीच उभा होता, तरी त्याला दिसलं नाही.

खात्री कशावरून करणार? शिफ्ट सुटताना चेहरा दाखवायच्या मशिनपुढे रांग लागते आणि रांगेत लोक बोलतात, म्हणून तो ट्रकच्या आडून मागच्या गेटने निघायचा आणि दुसऱ्या दिवशी हजेरी दुरुस्तीचा अर्ज भरायचा. कंपनीच्या बसमध्ये कोणीतरी ओळखीचं शेजारी बसतं, म्हणून साधी बस. डबा कॉम्प्रेसरच्या खोलीत, कारण तिथल्या आवाजात गप्पा होत नाहीत. फोनचा नंबर वर्षापूर्वी बदलला तो कोणाला दिला नव्हता, आणि त्याच्या फोनमध्येही कंपनीतला एक नंबर नव्हता. सहा वर्षं हे सगळं त्याने नीट जमवत आणलं होतं. तो बाहेर पडल्याचा आता एकही पुरावा नव्हता.

खोलीत चार पावलांवर वळावं लागे. तो वळत राहिला. पंखा लावला, बंद केला. मग त्याला हेल्मेट आठवलं. हात धुवायला जाताना ते त्याने ओव्हनच्या दाराशी ठेवलं होतं.

परतीच्या बसमध्ये जागा असूनही तो दारातच उभा राहिला. मोशीला ट्रक अडकले होते. शेजारच्या अनोळखी माणसाला त्याने तीनदा वेळ विचारली.

सवयीने तो मागच्याच गेटने शिरला. पेंट शॉपची लाइन बंद होती, आकड्यांना न रंगवलेले पत्रे लोंबत होते. ओव्हनच्या लांब बोगद्यात बॅटऱ्यांचे झोत फिरत होते आणि आतून एका बाईचा आवाज येत होता, "निरंजनभाऊ! ओ निरंजनभाऊ!"

पॅनलला त्याच्या कुलपाशेजारी आणखी चार कुलपं होती. त्याला शोधायला चार माणसं आत गेली होती.

कुरुळीचा म्हातारा फोरमन मालोजी त्याचं हेल्मेट मांडीवर घेऊन दाराशी बसला होता. त्याने मान वर केली.

"कुठं व्हतास?"

"घरी."

"घरी," मालोजी म्हणाला. "आन आमी हितं तुला पंख्याच्या खाचंत धुंडाळतोय."

मग त्याने हळूहळू सगळं सांगितलं. ही तिसरी फेरी होती. साहेब दोनदा म्हणाले, गेला असेल, तोडा कुलूप. लाइनची प्रमुख सादिका आडवी आली. आधी माणूस दाखवा, मग तोडा, म्हणाली. तिची शिफ्ट साडेतीनलाच सुटली होती.

मालोजीने आत हाक दिली, तशी आतली माणसं एकेक करून बाहेर आली; सादिका शेवटी. कोपरापर्यंत काजळी. सहा वर्षांत निरंजन तिच्याशी "हो" आणि "झालं" यापलीकडे बोलला नव्हता. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग त्याच्या कुलपावरचा फोटो.

"ही मिशी कधी काढली?"

"चार वर्षं झाली."

"बरं. दुसऱ्या शिफ्टची पोरं मिशीवाला शोधत होती."

कोणीतरी हसलं. निरंजनला हसता आलं नाही. "सादिकाताई," तो म्हणाला, आणि खिशातून किल्ली काढली.

एकेक कुलूप निघालं. त्याचं सर्वांत शेवटी; कोणी घाई केली नाही. सादिकाने मार्कर काढला. "नंबर सांगा."

त्याने सांगितला. एक आकडा चुकला, पुन्हा सांगितला. वर्षभर तो कोणाला सांगितलाच नव्हता. तिने तो कुलपाच्या मागे लिहिला, मग स्वतःच्या फोनवरून लावून पाहिला. त्याच्या खिशात घंटी वाजली आणि तो दचकला.

"सेव्ह करा."

"आता म्होरल्या गेटनं जा," मालोजीने हेल्मेट त्याच्या हातात दिलं. "त्वांड दाखवून."

मशिनपुढे ओव्हरटाइम सुटलेल्यांची रांग होती. सादिकाच्या मागे तो उभा राहिला. मागून कोणीतरी विचारलं, तुम्हीच का ते, ओव्हनमधले? निरंजन मागे वळला. "हो," तो म्हणाला, आणि मग काय झालं ते पहिल्यापासून सांगू लागला.