कार्तिकातली मोजणी

सोलापुरात बावीस वर्षं मी मोजणीदार म्हणून चालतोय. चालतोयच म्हणायचं, कारण खुर्चीत बसल्याचं मला फारसं आठवत नाही. पाय दुखतात म्हणालो की घरची म्हणते, "एवढ्या गावाला जागा वाटून दिलीत, स्वतःला बसायला एखादी काढायची होती की!" तिचं काय जातंय बोलायला!

गावाचा पहिला मोठा आराखडा एकोणीसशे एकोणीस साली झाला. रस्ता कुठून जाणार, बाजार कुठे भरणार, गिरणीतल्या लोकांच्या चाळी कुठे होणार, सगळं रंगवून दाखवलेलं. निम्मा गाव माझ्याच पायांनी मोजलेला. कागदावर सगळं झकास दिसायचं. जमिनीवर म्हणाल तर रस्ता दाखवला तिथे गोठे उठले, आणि बाजारासाठी सोडलेल्या तुकड्यात कुणी तरी विहीर पाडली. तीस साली आराखडा सुधारायचं घाटत होतं, तेवढ्यात गावात मार्शल लॉ आला आणि नकाशे पुन्हा कपाटात गेले. एकतीस साली नवे इंजिनिअरसाहेब आले. त्यांना घाई. भर श्रावणात म्हणाले, "रावजी, जुना नकाशा घ्या, तुकड्या-तुकड्यावर जा, काय बदललंय ते लिहून आणा."

श्रावणात मोजणीला कुणी जात नाही. आमचा हंगाम कार्तिकापासून. काळ्या मातीच्या चिखलात मोजणीची साखळी ओढणं म्हणजे रेड्याचं काम. पण साहेबांपुढे कोण बोलणार? साखळीवाला कल्लप्पा अक्कलकोटकडचा, तो कानडीत सगळ्या जगाला शिव्या देत मागून चालला.

होटगी रोडला चोवीस नंबरचा तुकडा. नकाशावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : 'रिकामी.' म्हणून तिथे चाळींचे प्लॉट दाखवलेले. आणि समोर बघतो तर तीन-चारशे मेंढरं, बारा पालं, वाघरीचं जाळं लावून केलेले वाडे, आणि मधोमध शेंदूर लावलेला बिरोबाचा दगड. दगड काही काल आणून ठेवलेला नव्हता. शेंदराचे थर बोटभर जाड होते.

एक म्हातारी लोकर विंचरत बसली होती. मायाक्का तिचं नाव. जवळ तिचा मुलगा धुळा, पन्नाशीचा गडी.

"तुम्ही इथे कधी आलात?" मी दरडावूनच विचारलं.

"म्या? आईच्या पाठीवर आले हुते, दूधपिती."

"बारा वर्षांमागे मी मोजून गेलो. इथे चिटपाखरू नव्हतं."

"कंच्या म्हैन्यात आला हुतास?"

"मार्गशीर्षात."

म्हातारी हसायला लागली ते ठसका लागेपर्यंत. "आरं लेकरा, दिवाळी झाली की आमी कळप घिऊन भीमा वलांडतो, पार विजापूरकडं. जेष्ठात म्हागारी येतो. ह्ये शेंबड्या पोराला बी ठावं हाय. इचारायचं की कुनाला तरी!"

मी कल्लप्पाकडे बघितलं. बारा वर्षांमागे याच माळावर उभा राहून तो ओरडला होता, "यारू इल्ला!" कुणी नाही. आणि मी लिहून मोकळा झालो होतो. कल्लप्पा आता साखळीच्या कड्या मोजत होता.

धुळाला मी चाळींच्या प्लॉटांचं सगळं सांगितलं. ऐकून त्याचं तोंडच उतरलं. "सायब, पावसाचं चार म्हैनं आमी जायाचं कुटं? चवबाजूनं रानं पेरल्याली. ह्यो एवढाच मुरमाड माळ हाय. चिखलात मेंढरू बसलं की खूर कुजतो. खूर कुजला की संपलं."

चूक माझी होती. मी रिपोर्टात तसं लिहिलं : पहिली नोंद चुकीची, मीच केलेली, तुकडा पावसाळ्यात धनगरांच्या वापरात, प्लॉट रद्द करावेत. असं लिहायला बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच धीर केला. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"म्युनिसिपालटीची कमिटी स्वतः बघितल्याशिवाय बदल करणार नाही. कार्तिकाच्या शेवटी पाहणी ठेवू. गाड्या जायला रस्ते वाळायला हवेत."

"साहेब, कार्तिकात ते लोक नसतात. तीच तर चूक झाली होती."

"असतील तर दिसतील," साहेब म्हणाले.

मी माळावर जाऊन हे सांगितलं. मग मायाक्काच म्हणाली, "म्या ऱ्हाते मागं. कमिटीला म्हनावं, ये. माणूस हाय म्हनून दावते."

धुळा नको म्हणाला, भांडला, रडायच्या घाईला आला. म्हातारी ऐकेल तर शपथ. दिवाळी झाली, कळप गेला. माळावर एक पाल, एक म्हातारी आणि पाच लंगड्या मेंढ्या राहिल्या.

कार्तिकात कमिटी आली नाही, कुणा मेंबरला ताप होता. मार्गशीर्षात कुणाच्या तरी मुलीचं लग्न. पौषात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, तेव्हा सोलापुरात कुणी काम करत नाही आणि करूही नये. मी रविवारी भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन जायचो. माळ उघडा, वारा असा की पाल उडून जाईल. दोन मेंढ्या लांडग्याने नेल्या. एकदा गेलो तर म्हातारी तापाने फणफणलेली.

"मायाक्का, जा आता. मी धुळाला निरोप धाडतो."

"बगायला येनार म्हनलास न्हवं? मग गेल्यावर त्यांस्नी काय दिसंल, तुजं टकुरं?"

वैतागून मी परत आलो. वैताग तिचा नव्हता, माझाच होता.

माघात कमिटी आली. दोन मोटारी, भर दुपारी. मायाक्का लुगडं धुऊन नेसली होती, कपाळाला भंडारा लावला होता. पालापुढे हात जोडून उभी राहिली. मोटारी रस्त्यावरच थांबल्या, खाली फक्त साहेब उतरले.

"किती माणसं आहेत?" मोटारीतून कुणी तरी विचारलं.

"पावसाळ्यात साठ-सत्तर असतात, आणि चारशेच्या वर—"

"आत्ता किती?"

"आत्ता…"

"मोजणीदार ना तुम्ही? मोजा."

"एक," मी म्हणालो.

मोटारी गेल्या. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. तीन महिने बसलेली म्हातारी अजून हात जोडूनच उभी होती. मला म्हणाली, "बगितलं न्हवं त्यांनी? लिवलं न्हवं?"

"लिहिलं," मी म्हणालो. ते काही खोटं नव्हतं.

फाल्गुनात धुळा येऊन तिला घेऊन गेला. सुधारलेला आराखडा नक्कल करायला माझ्याकडेच आला, कारण कचेरीत अक्षर माझं चांगलं. तुकडा चोवीस : 'झोपडी एक. हलवावी.' चाळींचे प्लॉट होते तिथेच. मी ते वळणदार लिहिलं. लाज वाटली. हात कापला नाही, त्याची जास्त लाज वाटली.

चैत्रात नकाशा चावडीवर लागला. हरकत घ्यायला एक महिना. हरकत घेणारे भीमेच्या पलीकडे. मी नोकरदार माणूस, मी कसली हरकत घेणार? तरी धुळाच्या नावाने एक अर्ज लिहून टाकला. त्यावर अंगठा नाही म्हणून तो परत आला. वैशाखात मी आणि कल्लप्पाने माळावर प्लॉटांचे खुंट ठोकले, साठ खुंट, बाभळीचे, डांबर लावलेले. बांधकाम दिवाळीनंतर.

ज्येष्ठात कळप आल्याचं कल्लप्पानेच येऊन सांगितलं. मी दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो.

सगळी मेंढरं वाड्यांत बसली होती, आणि वाघरी बांधल्या होत्या त्या आमच्या खुंटांना. धुळा लांबूनच ओरडला, "सायब, खुंट लई बळकट ठोकल्यात हो! आमच्या वाडग्यांच्या मापाचंच!"

मायाक्का काठी टेकत आली. निम्मी झाली होती. तिने माझा हात धरला. "तुज्यामुळं जालं बग. सरकारनं हद्द घालून दिली. म्या बसले त्येचं चीज जालं." मग धुळाला म्हणाली, "दूध आन सायबाला." आणि माझ्याकडे वळून, "यंदा म्या बी जानार कळपासंगं. आता राखायला कशाला बसू?"

दुधाचा तांब्या हातात आला. बारा वर्षांमागे विचारलं नव्हतं म्हणून चूक झाली. आता सांगितलं नाही तर त्याला नुसती चूक कोण म्हणेल? दिवाळीला ही माणसं जातील आणि पुढच्या ज्येष्ठात इथे चाळीच्या पायऱ्यांवर मेंढरं घेऊन उभी राहतील.

मी सांगितलं. खुंट कशाचे ते सांगितलं, नकाशात काय लिहिलंय ते सांगितलं, 'एक' मीच म्हणालो तेही सांगितलं. धुळाने एक अर्वाच्य शिवी दिली. कचेरीला की मला, ते मी विचारलं नाही.

मायाक्का खाली बसली. बराच वेळ माती चिमटीत घेऊन सोडत राहिली. "म्हंजी न्हवतो तवा रिकामी," ती म्हणाली, "आन हुते तवा येक." मग काठीवर जोर देऊन उठली, जवळच्या खुंटापाशी गेली आणि वाघरीची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना.

"आई, आता काय करतीस?" धुळा म्हणाला.

"ह्येंच्या खुंटाला नगं. आपल्या मेखा आन. दिवाळीपतुर हितंच हाय न्हवं आपुन?"

मी तांब्या परत द्यायला लागलो, तशी ती वळून म्हणाली, "पी की. दुधानं काय केलंय?"

मी प्यालो. मग गाठ मी सोडली. धुळा मेख ठोकेपर्यंत कुणी तरी वाघर धरायला हवी होती, ती मी धरून उभा राहिलो.