नाल्यातली मगर

"सांगतो ते तुला पटायचं नाही, माझं मलाच पटत नाही," गालभर फेस घेऊन बंडलकाका म्हणाले, तसा सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला. काका बोलत असताना वस्तरा चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

काकांच्या दारासमोरचा नाला पालिकेने पाइप टाकायला उघडला आणि तसाच सोडून दिला. वर एक फळी टाकलेली. काका फळीवरून जायचे. काकूंची चाकांची खुर्ची कशी जाणार? वर्षभर काकू खिडकीशी बसून होत्या. काकांनी तक्रारी केल्या, पण सरळ सांगतील तर ते काका कसले! आज नाल्यात बैल बुडाला, उद्या मगर दिसली. कारकून पोट धरून हसायचे, काकांना चहा पाजायचे आणि घरी पाठवायचे.

मग पालिकेने तक्रारी ऐकायला फोनवर एआय बसवलं.

"त्यालाही मी मगरच सांगितली, शेपटीसकट," काका म्हणाले. "आमच्या हिची चप्पल पळवली म्हटलं, तीही डाव्या पायाची. पठ्ठ्या हसला नाही रे! सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मगर राहू द्या काका. बाईंना घराबाहेर पडता येत नाही, एवढं खरं ना?'"

फेसातले ओठ जरा थांबले. त्या दिवशीही असेच थांबले होते. तोंडात मगरीची पिल्लंसुद्धा तयार होती, पण बाहेर पडेनात.

"नुसतं 'हो' म्हणालो. जन्मात पहिल्यांदा."

आठवड्याभरात पालिकेच्या इंजिनिअरबाई टेप घेऊन दारात हजर. नाल्यावर पक्का स्लॅब पडला, खुर्चीसाठी उतार झाला, कडेला कठडा लागला. जाताना इंजिनिअरबाईंनी हळूच विचारलं, "मगर कुठे गेली हो?"

"त्या माउलीचं भलं होवो," काका म्हणाले. "मग आभार मानायला मी पुन्हा फोन लावला. म्हटलं, बाबा रे, आमची ही आज रस्त्यावर आली. तर काय सांगू, ते मशीन हमसून हमसून रडायला लागलं! शेवटी मीच त्याची समजूत काढली."

"काहीही काय, काका!"

"हिची शपथ!"

दारात चाकं करकरली. मांडीवर भाजीची पिशवी घेऊन काकू आत डोकावत होत्या.

"माझी शपथ कशाला घेता?" त्या म्हणाल्या. "अरे, मशीन कसलं रडतंय! फोन कानाला लावून रडत होते ते हेच!"