पापणीवर सांडलेलं कुंकू

मांडवात ताशा कडाडला आणि संस्कृतीच्या हातातला ब्रश डबीच्या कडेवर आपटला.

"बाई, माझा हात बघा ना!"

"बघितला. ब्रश खाली ठेव. पाण्याचा एक घोट घे. मग परत उचल."

"वेळ कुठाय बाई?"

वेळ नव्हताच. वीज सकाळीच गेली होती, म्हणून नवरीला, म्हणजे संस्कृतीच्या मोठ्या बहिणीला, आरतीला, उजेडासाठी मागच्या दारात स्टुलावर बसवलं होतं. दारातून कोंबड्या आत येत होत्या, पोरं डोकावून पळत होती. आरतीच्या अंगावर मोरपंखी शालू, हातात हिरवा चुडा आणि डोळे घट्ट मिटलेले.

निमगावच्या शाळेत या दोघींना मी चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावरही शेजारच्याच घरात राहते, त्यामुळे शिकवणं काही सुटलेलं नाही. महिन्यापूर्वी संस्कृती जुन्नरला दलीचंद शेठच्या कटलरीच्या दुकानातून मेकअपच्या रंगांची डबी घेऊन आली आणि आरशासमोर बसून डबीतले सगळेच रंग पापण्यांवर चढवून मला दाखवायला आली. मी हसले नाही. शेतातून एक अर्धवट पिकलेला टोमॅटो आणायला सांगितला.

"यात हिरवा कुठं संपतो आणि लाल कुठं सुरू होतो, बोट ठेवून दाखव."

तिनं टोमॅटो फिरवून फिरवून पाहिला. "दाखवता येत नाय, बाई."

"पापणीवर तसंच व्हायला हवं. रंग तीनच घे. फिकट सगळीकडे, गडद बाहेरच्या कोपऱ्यात, चमकणारा मधोमध. आणि जिथं दोन रंग भेटतात तिथं कोरडा ब्रश फिरवत राहा, रेघ दिसेनाशी होईपर्यंत."

मग महिनाभर तिनं माझ्याच सुरकुतलेल्या पापण्यांवर सराव केला. मी तशीच भाजी आणायला जायचे आणि लोक वळून बघायचे.

पण आज पापणी आरतीची होती. हळदीच्या दिवशी वडिलांनी, भगवंतनं, सगळ्यांसमोर संस्कृतीला सांगून टाकलं होतं, "आरतीचं तोंड चांगलं दिसलं तर तुला जुन्नरला पार्लरच्या क्लासला घालतो. न्हाई दिसलं तर परत त्याचं नाव काढायचं नाय." आणि त्याची थोरली बहीण चिमाबाई लगेच म्हणाली होती, "आळे गावची पार्लरवाली सोडून पोरीच्या हाती नवरी दिली. लगीन हाय का शाळेतलं गॅदरिंग?"

संस्कृतीनं पाण्याचा घोट घेतला, ब्रश उचलला आणि डबीवर टिचकी मारून जास्तीची भुकटी झाडली. फिकट गुलाबी लावला. बाहेरच्या कोपऱ्यात जांभळा. मधोमध शालूच्या रंगाचा मोरपंखी. मग म्हणाली, "तायडे, डोळे उघड. सरळ माझ्याकडं बघ." मिटलेल्या डोळ्यांवर छान दिसलेला रंग डोळे उघडले की घडीत दडून जातो, हे तिला माझ्यावर शिकताना कळलं होतं. आरतीनं डोळे उघडले. जांभळा थोडा दडला होता. संस्कृतीनं तो किंचित वर ओढला आणि कोरड्या ब्रशनं कड विरवली.

छान झालं होतं. मी म्हणणारच होते.

तेवढ्यात चिमाबाई कुंकवाची वाटी घेऊन आत आली. "सरका गं. मळवट भरायचाय."

या घरात नवरीचा मळवट आत्याच भरते. संस्कृती सगळं मोबाइलवर बघून आणि माझ्याकडून शिकली होती. मोबाइलमधल्या कुठल्याच बाईच्या कपाळावर आत्या मळवट भरत नाही. ती काही बोलायच्या आत चिमाबाईनं चिमूट भरून कपाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंकू ओढलं, आणि वरून आणखी एक चिमूट दाबली. कोरडं कुंकू भुरुभुरु डाव्या पापणीवर उतरलं.

"आत्या, थांब! डोळे मीट, तायडे!"

आणि घाबरून संस्कृतीनं हाताशी आलेल्या ओल्या रुमालानं ते पुसलं.

कुंकू निघालं नाही. ओलं होऊन जांभळ्यावर फरफटलं, कानाकडं लाल पट्टा गेला.

"अगं बाई," चिमाबाई म्हणाली. "मुका मार बसल्यागत दिसतंय की."

आरती डोळे मिटूनच म्हणाली, "काय झालं? काय झालं गं?"

बाहेरून तिच्या मामाची, सुदर्शनची, हाक आली. "आवरलं का? भटजी वरडाया लागलंत! नवरा उभा हाय पाटावर!"

संस्कृतीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या हातातला ब्रश मला घ्यावासा वाटला. घेतला असता तर दोन मिनिटांत काम उरकलं असतं, आणि तिचा क्लासही तिथंच संपला असता. मी दोन्ही हात पाठीमागे धरले.

"रडू नंतर," मी म्हणाले. "आधी काय?"

"आधी... कोरडं करायचं."

"मग कर."

तिनं कापसानं टिपलं, घासलं नाही. पावडर दाबली. कानाकडचा पट्टा काढला, पण कोपऱ्यात लालसर छटा राहिलीच. ब्रश डबीवर घिरट्या घालायला लागला. मामा दुसऱ्यांदा ओरडला.

"बाई, हे जायचं नाय."

"मग त्याच्या शेजारी कुठला रंग बसेल?"

तिनं डबीवर नजर फिरवली. मग महिनाभराच्या सरावात कधीच न वापरलेल्या कप्प्यात, डाळिंबी रंगात, तिनं ब्रश बुडवला. कोपऱ्यातल्या लालसर छटेवर तो ठेवला, आणि जांभळ्यात हळूहळू विरवत नेला. रेघ दिसेना. मग उजव्या पापणीवरही तोच डाळिंबी, डाव्या डोळ्याकडं बघत बघत. कुंकवाचा एक कणही तिकडं नेला नाही. शेवटी कोरड्या ब्रशनं कपाळाखालची सगळी भुकटी झटकली.

"उघड."

आरतीनं डोळे उघडले. कपाळावरचा लाल जणू पापण्यांच्या कोपऱ्यांत उतरून मोरपंखीशी बोलत होता. चिमाबाईनं वाटी खाली ठेवली आणि आरतीची हनुवटी धरून दोन्ही डोळे आळीपाळीनं पाहिले.

मांडवात अंतरपाट खाली आला. फोटोवाला "ताई, वर बघा" म्हणाला, आरतीनं वर पाहिलं, आणि बायकांच्या रांगेतून कुजबुज निघाली.

"पार्लरवाली कुठली आणली व्हती?" कुणीतरी विचारलं.

"घरातलीच," चिमाबाई पदर सावरत म्हणाली. "अन् तो लाल माझ्या मळवटाचा हाय."

जेवणाच्या पंगती उठल्यावर भगवंत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. दिवसभर त्यानं आरतीच्या तोंडाकडं धड पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर रडला असता. आता मात्र बघत होता, आणि रडतच होता.

"बाई," नाक ओढत तो म्हणाला, "जुन्नरच्या क्लासला जायाला सकाळची एसटी घावंल का?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

पण संस्कृतीला उसंत नव्हती. निरोपाची वेळ झाली होती. ती मुठीत कापूस धरून आरतीच्या मागेमागे धावत होती.

"तायडे, रड, पण खाली बघून रड! अन् पुसू नको गं, टिप! नुसतं टिप!"