झोपून येणारा चॅम्पियन

लग्नानंतरची अकरा वर्षं ती नवऱ्याला स्पर्धेला आडवा घालून न्यायची. शेजारच्या रंगाऱ्याची व्हॅन मागून आणायची, मागे गादी टाकायची, त्यावर तो उताणा, डोक्याखाली उशीसुद्धा नाही, आणि पुढे स्टिअरिंगवर ती. खड्डा आला की मागून शिवी यायची. रंगारी फाटकापाशी उभा राहून दर वर्षी तोच विनोद करायचा, "वहिनी, दवाखाना की स्मशान?"

"स्टेज," ती म्हणायची आणि गिअर टाकायची.

यात वेडेपणा काही नव्हता. पुरुषांच्या क्लासिक शरीरसौष्ठवात नुसतं फुगून भागत नाही. आधी उंची मोजतात, त्यातून शंभर वजा करतात. उरेल तितके किलो आणि वर थोडी सूट, एवढंच वजन चालतं. जास्त भरलात तर घरचा रस्ता. सूटही उंचीच्या गटाप्रमाणे: एकशे पंचाहत्तर सेंटिमीटरपर्यंत चार किलो, त्याच्या वर गेलात की सहा. तिचा नवरा नेमका या उंबऱ्यावर उभा होता. दिवसभर वावरला की एकशे पंचाहत्तर, आणि अंथरुणातून उठल्या उठल्या मोजला तर एकशे साडेपंचाहत्तर. त्या अर्ध्या सेंटिमीटरमागे अडीच किलो मांस अंगावर ठेवायची मुभा मिळत होती, आणि तेवढ्यावर तो दर वर्षी बाकीच्यांना खात होता.

ही मेख त्याला दाखवली तिनंच. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात आणि झोपेत पुन्हा फुगतात, हे तिला ठाऊक होतं. "मोजणी होईपर्यंत तुम्ही उभेच राहू नका," असं ती एकदा भाजी चिरता चिरता बोलून गेली, आणि त्या वर्षी तो पहिल्यांदा पहिला आला. क्लबात सगळे त्याला 'मूर्ती' म्हणू लागले.

नवव्या वर्षी तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात, स्पर्धा तीन दिवसांवर आलेली असताना, कामावरच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिच्याच इस्पितळात तिला वरच्या मजल्यावर नेलं. बाळ राहिलं नाही. मूर्तीनं तेव्हा पाणी तोडलं होतं. कातडी स्नायूला चिकटावी म्हणून ही मंडळी शेवटचे दिवस जेमतेम घोट घोट पितात. तिच्या थोरल्या बहिणीनं त्याला फोन लावला.

तो म्हणाला, "ताई, मी आत्ता येऊन काय करणार? टेन्शन घेतलं की अंगात पाणी धरतं. वर्षाची मेहनत वाया जाईल."

फोन स्पीकरवर होता. खाटेवर पडल्या पडल्या तिनं शब्दन् शब्द ऐकला.

चौथ्या दिवशी तो ट्रॉफी घेऊन आला आणि ती खाटेशेजारच्या टेबलावर, औषधांच्या बाटल्या बाजूला सारून, ठेवली. त्यानंतरही दोन वर्षं तिनं व्हॅन चालवली. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मग त्यानं एका आहारतज्ज्ञ बाईशी संसार मांडायचं ठरवलं. सत्काराच्या भाषणात तो म्हणाला, "हे शरीर मी एकट्यानं उभं केलंय." ताईकडे राहायला गेलेल्या तिनं ते मोबाइलवर पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी संघटनेच्या कचेरीत जाऊन पंचांच्या परीक्षेचा फॉर्म भरला.

"डोकं फिरलंय का तुझं?" ताई म्हणाली. "ज्या लोकांनी तुझ्या आयुष्याची माती केली, त्यांच्यातच जाऊन बसणार?"

"लांबून दगड लागत नाही, ताई."

परीक्षा सोपी नव्हती. मुख्य पंच म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर; सगळे त्यांना ड्रॉइंग सर म्हणत. ते उमेदवारांना स्टेजसमोर बसवून डोळे किलकिले करायला लावायचे. "किलो बघू नका, रेघ बघा," म्हणायचे. "खांद्यापासून कमरेपर्यंत रेघ कशी उतरते? डावं-उजवं जुळतं का? पोटऱ्या दंडाला शोभतात का? जो पोट आत खेचून श्वास रोखू शकत नाही आणि वळताना धाप टाकतो, त्याचे स्नायू कितीही मोठे असोत, क्लासिकमध्ये तो गोदामातलं पोतं." ती हे सगळं तहानलेल्या माणसासारखी प्यायली. दोन वर्षं तिनं पंचांच्या मागच्या रांगेत बसून सरावाचे क्रमांक दिले. नंतर सर सगळ्यांत आधी तिचेच कागद घ्यायचे आणि त्यांवरून बाकीचे ताडायचे, कारण तिचे क्रमांक क्वचितच चुकायचे. मूर्तीचा डावा खांदा किंचित खाली असतो, हे अकरा वर्षं त्याला तेल चोळूनही तिला दिसलं नव्हतं. आता पहिल्या नजरेत दिसलं.

पण नियम असा की स्पर्धकाशी नातं असेल तर ते आधी लिहून द्यायचं. फॉर्म भरल्यापासून सहाव्या वर्षी राज्य स्पर्धेच्या पंचांत तिचं नाव लागलं, तेव्हा तिनं लिहून दिलं: 'एकशे ऐंशीपर्यंतच्या गटातला एक स्पर्धक माझा पूर्वीचा नवरा.'

सरांनी चष्मा काढला. "मग बाई, तुम्हाला क्रमांक देता येणार नाहीत."

"माहीत आहे, सर. मला मोजणीच्या टेबलावर बसवा. तिथं माझं मत कोण विचारतंय? तिथं काटा बोलतो."

सरांना ते पटलं. तिनं हे गृहीतच धरलं होतं.

मोजणीच्या टेबलाची सगळी व्यवस्था तिच्याकडे आली आणि तिनं नियमांचं पुस्तक उघडलं. आजवर उंच माणसं आधी मोजायचे, कारण ती मोजकी असतात. पुस्तकात मात्र स्पष्ट लिहिलं होतं: बुटक्या गटापासून सुरुवात. हेही लिहिलं होतं की सगळ्यांनी एकाच वेळी हजेरी लावायची आणि मोजणी होईपर्यंत जागा सोडायची नाही. तिनं दोन्ही नियम टाइप करून दारावर चिकटवले. इथपर्यंत कुणी बोट ठेवू शकलं नसतं. पण दर वर्षी थांबलेले स्पर्धक कुस्तीच्या गाद्यांच्या खोलीत पडून राहायचे. त्या खोलीला तिनं कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि टेबल अरुंद कॉरिडॉरच्या टोकाला मांडून घेतलं. कुणी विचारलं तर सांगायची, "खोली बंद आहे." ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

सकाळी साडेसातला व्हॅन आली. नवी बायको चालवत होती, मागचं दार तिनंच उघडलं. मूर्ती दोन माणसांच्या आधारानं हलकेच उतरला, काचेचं झुंबर उतरवावं तसा. खिडकीतून ती बघत होती. मग तो आत आला, सही केली, आणि गाद्यांच्या खोलीचं दार ढकलू लागला. ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं.

कॉरिडॉरमध्ये साठ माणसं. आडवं व्हायला सोडाच, मांडी घालायलाही जागा नाही. आठ वाजले, नऊ वाजले, साडेनऊ झाले. बुटके गट संपता संपेनात, कारण ती एकेकाचं नाव, जन्मतारीख, चड्डीचा काळा रंग, मागची रुंदी, सगळं नियमाप्रमाणे तपासत होती. मूर्ती भिंतीला पाठ लावून उभा होता. दोनदा उकिडवा बसला, पाय अवघडले म्हणून पुन्हा उठला. ती मान वर करायची तेव्हा तो तिला दिसायचा, आणि तिच्या छातीत काहीतरी गोड, तिखट असं उतरायचं. उभा राहा, ती मनात म्हणायची. आणखी उभा राहा.

सव्वादहाला त्यांचा गट लागला. मूर्तीच्या पुढे एक बेकरीवाला होता, तिशीतला, पोळलेल्या मनगटांचा. त्याला ती ओळखत नव्हती. तो पट्टीखाली उभा राहिला, तिनं आडवी फळी डोक्यावर टेकवली आणि तिचा हात थांबला.

"एकशे पंचाहत्तर," ती म्हणाली.

"असं कसं? मागच्या वर्षी साडेपंचाहत्तर होतो मी," बेकरीवाला म्हणाला. "इथंच मोजलं होतं तुम्ही लोकांनी. मॅडम, पुन्हा बघा ना."

तिनं पुन्हा बघितलं. फळी तिथंच. म्हणजे तोही त्याच उंबऱ्यावर होता, आणि तिच्या कुलुपाखाली तोही सापडला होता. पेन कागदावर टेकलेलं राहिलं. अर्धा सेंटिमीटर याला द्यावा तर मागच्यालाही द्यावा लागेल; मागचा तर हसत बघत उभा. तिनं एकशे पंचाहत्तर लिहिलं. वजन भरलं एकोणऐंशी किलो सातशे. मर्यादा एकोणऐंशी.

"नियमानं एक तास आहे तुमच्याकडे. सातशे ग्रॅम उतरवा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच कोरडा वाटला. बेकरीवाल्यानं ट्रॅकसूट चढवला आणि जिन्याकडे धावला.

"तूच बसलीयेस होय टेबलावर," मूर्ती पुढे आला. "बरं झालं. ओळखीचं माणूस असलं की जरा बरं असतं."

"टाचा मागे. नजर समोर."

फळी उतरली. तिनं सरांना हाक मारली. "सर, हा आकडा तुम्ही वाचा. मी लिहून दिलंय ते तुम्हाला माहीत आहे."

सर वाकले, डोळे किलकिले केले. "एकशे पंचाहत्तर."

मूर्तीनं हनुवटी आत घेतली, छाती ताणली. सरांनी पुन्हा वाचलं. तेच. काट्यावर तो एक्क्याऐंशी किलो तीनशे भरला. दोन किलो तीनशे जास्त, आणि दोन दिवसांपासून पाणी तोडलेल्या अंगातून तासाभरात तेवढं निघणं म्हणजे दगड पिळून तेल काढणं.

तो तिच्या टेबलावर झुकला. आवाज खाली आणला. "दहा मिनिटं आडवं पडू दे मला. तुला तर माहीत आहे सगळं. खोली तूच बंद केलीस ना?"

"हो."

"का?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. अकरा वर्षांत तिनं त्याला 'अहो' शिवाय हाक मारली नव्हती.

"टेन्शन घेऊ नकोस," ती म्हणाली. "अंगात पाणी धरतं."

आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. स्टेजसाठी चेहऱ्यावर फासलेला तपकिरी रंग जागच्या जागी होता, पण त्याखालचा माणूस पांढरा पडला. तासभर तो दोन जॅकेटं घालून पायऱ्या चढत-उतरत राहिला, नवी बायको खालून वेळ ओरडून सांगत राहिली, आणि शेवटी काटा ऐंशी किलो सहाशेवर थांबला. तिनं त्याच्या नावावर रेघ मारली. रेघ सरळ आली.

बेकरीवाल्यानं सातशे ग्रॅम उतरवले. पण दुपारी स्टेजवर, संगीतावरच्या स्वतःच्या पोझेस करताना, गुडघा टेकून वळायच्या क्षणी त्याच्या मांडीत गोळा आला. तो हसत राहिला, दात दिसत राहिले, आणि पाय मात्र लाकडासारखा. खरं तर त्या दिवशी त्याच्यासारखी कंबर कुणाची नव्हती. प्रेक्षकांत शेवटच्या रांगेत उभ्या उभ्या तिनं मनातल्या मनात त्याला दुसरा दिला. पंचांनी पाचवा दिला, आणि पंचांचं बरोबर होतं. जे दिसतं त्यालाच क्रमांक द्यायचा असतो.

बक्षीस समारंभाआधी ती ड्रॉइंग सरांकडे गेली आणि किल्ली त्यांच्यासमोर ठेवली. सगळं सांगितलं. सरांनी किल्ली हातात घेतली.

"त्या एकासाठी केलंत हे?"

"त्या एकासाठीच."

"आणि साठ जण उभे राहिले."

सरांनी तिला दोन वर्षांसाठी पंचांच्या यादीतून काढलं, आणि पुस्तकात एक कलम वाढलं की मोजणीच्या जागी स्पर्धकांना आडवं पडण्याची सोय असावी. मूर्तीनं तक्रार केली, पण आकडा खोटा आहे असं त्याला म्हणता येईना. उंची त्याची तेवढीच होती. पुढच्या हंगामात तो वजनाची मर्यादा नसलेल्या गटात गेला. तिथल्या डोंगरांत त्याला कुणी हुडकलंही नाही. तो नववा आला.

बेकरीवाल्याला गाठायला तिला आठवडा लागला. तो भट्टीतून ट्रे काढत होता. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यानं ट्रे खाली ठेवला, हातमोजे काढले.

"तुमचं नवऱ्याशी काय असेल ते असो," तो म्हणाला. "माझं वर्ष गेलं त्यात. पुढच्या वर्षी तुम्ही टेबलावर नसाल ना?"

"नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि पुढचा ट्रे काढायला वळला. तिला 'बसा' म्हणाला नाही. ते तिनं पदरात घेतलं. तेवढं तिचंच होतं.

घरी ताई कपडे वाळत घालत होती. चिमटा दातात धरूनच तिनं विचारलं, "इतकी वर्षं घालवलीस. पंचगिरी गेली, त्या बिचाऱ्या पोराचं वाटोळं झालं. मला एक खरं सांग, बरं वाटलं का?"

तिनं बादलीतली चादर उचलली, एक टोक ताईकडे दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोघींनी मिळून पिळली.

"त्या पोराचं वाईट वाटतंय," ती म्हणाली. "फार वाटतंय. पण दुसरं जे आहे ना ताई, ते अजूनही बरंच वाटतंय."