पंधरा आडवा

“‘नवऱ्याचा भाऊ, महाप्राण होताच संकटात उपयोगी.’ दोन अक्षरी.” धाकटीने वाचले आणि चष्म्यावरून वर पाहिले. “म्हणजे मेल्यावर उपयोगी? हा कसला मेला भाऊ?”

“ते महाप्रयाण, धाकटे. हा महाप्राण,” थोरली म्हणाली. “अक्षरात ‘ह’चा श्वास भरायचा. ‘द’मध्ये भरलास तर काय होईल?”

“‘ध’.”

“मग? नवऱ्याचा भाऊ तो दीर. आणि दीर महाप्राण झाला की?”

“धीर!” धाकटी खुदकन हसली. “लिहिते. पण माझ्या दिरांत धीर कुठला हो, वहिनी? झुरळ दिसलं की भावजी पलंगावर, आणि चप्पल घेऊन तुम्ही खाली.”

“गेलेल्या माणसाची उणी काढू नयेत,” थोरली गंभीरपणे म्हणाली. पण मग तिलाही हसू आवरेना. “आणि पलंगावरून मलाच सांगायचे, घाबरू नकोस म्हणून.”

दोघी सख्ख्या जावा. दोन भावांच्या हाताला धरून त्या या घरात आल्या; भाऊ गेले, धाकटा ऐन उमेदीत आणि मोठा पिकल्या वयात; आणि ज्यांच्यामुळे नाते जडले ते उरले नसतानाही नाते मात्र राहून गेले. ‘जावाजावा आणि उभा दावा’ ही म्हण ज्या कोणी रचली, त्याने हे घर पाहिले नसावे. दावे इथेही होत, पण ते उभे आणि आडवे दोन्ही, आणि वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरच्या चौकोनांपुरते.

थोरलीचे आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले. समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या, कानावर यंत्र. कोणाची तार कोणाशी जुळवली आहे हे ध्यानात ठेवणे हा त्या नोकरीचा धर्म. आणि एकदा जुळवून दिल्यावर पलीकडचा शब्दही कानात राहू न देणे, हा त्याहून मोठा धर्म. पहिल्याने तिला स्मरण दिले, दुसऱ्याने मौन. आता डोळ्यांच्या मधोमध एक करडा डाग येऊन बसला होता. जिकडे पाहावे तेवढेच नेमके दिसेनासे होई, आणि कडेचे मात्र लख्ख राही. अक्षरे गेली; पण कोड्याची चौकट मनात जशीच्या तशी उभी राहत असे. काळे घर कुठे, पांढरे कुठे, कोणत्या घरातून उभा शब्द खाली उतरतो, हे तिला एकदा वाचून दाखवले की पुरे.

वाचण्याचे काम अर्थातच धाकटीचे. तिने सारी उमर इस्पितळाच्या रक्ततपासणीच्या खोलीत काढली होती आणि गेल्याच वर्षी ती निवृत्त झाली. तिचा एक हट्ट असे: नुसते उत्तर ती लिहीत नसे. “आधी फोड सांगा. कारण कळल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करायची नाही.” मग थोरली शांतपणे शब्द उलगडून दाखवी, आणि धाकटी तो पुन्हा घडी घालून चौकोनात ठेवी.

कोड्याला रोज एक विषय असे. काल पक्षी होते. परवा भांडी होती, तेव्हा ‘घंगाळ’ या एका शब्दापायी दोघींत दुपारपर्यंत अबोला झाला होता. आज वर ठळक अक्षरांत छापले होते: नातीगोती. ते ऐकताच थोरलीच्या मनात आले, कोडेवाल्याने हा विषय आजच काढायला नको होता.

त्याला कारण होते. गेले काही दिवस धाकटी फोन घेऊन गॅलरीत जात असे आणि दार लोटून घेई. लोटलेल्या दाराने प्रकाश अडतो, आवाज अडत नाही. दुसऱ्याचे बोलणे ऐकू नये हे व्रत थोरलीने आयुष्यभर पाळले होते, पण एक वाक्य आले आणि उंबऱ्याशीच बसून राहिले: “मी येईन गं, कायमची येईन, पण वहिनींना कसं विचारू?”

पलीकडे बाळी होती. धाकटीची लेक, थोरलीची पुतणी. बाप लहानपणीच गेलेला. आईची ड्यूटी दिवसा असली की काकूची रात्री, अशी ती दोघींच्या हातांवर वाढली. थोरलीला स्वतःचे मूल नव्हते, आणि बाळीने ते कधी जाणवू दिले नव्हते. आता तिचे दिवस भरत आले होते, ती दूरच्या गावी होती आणि तिला आई हवी होती. यात विचारण्यासारखे काय होते? पण थोरलीला हेही ठाऊक होते, की विचारले जाऊ नये असे आपल्याला वाटते आहे. प्रश्न आला तर उत्तर द्यावे लागेल. आणि उत्तर दिले की या घरात, या डागासह, आपण एकट्या. म्हणून ती गप्प होती. एकीला विचारवत नव्हते, दुसरीला विचारून घ्यायचे नव्हते, आणि मधे कोडे चालले होते.

“‘मुलीची सासू, मान द्या, नाहीतर मांडव डोक्यावर घेईल.’ तीन अक्षरी.”

“विहीण.”

“याची फोड नको,” धाकटी म्हणाली. “अनुभव आहे.” लिहिता लिहिता तिचा हात रेंगाळला. “बिचारीचं आता पार बदललंय हो. कमरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणातच आहे. परवा फोनवर मला म्हणाली, विहीणबाई, मी होते तोवर तुम्हाला काळजी नव्हती. आता सुनेचं करायचं तर सोडाच, तिलाच माझं करावं लागतंय.”

“असं म्हणाली?”

“रडली सुद्धा.”

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. थोरली म्हणाली, “पुढचं वाच.”

“‘दोघांना जोडणारा, मोडला तर नातेही मोडते.’ दोन.”

“दुवा.”

“साखळीतला. कळलं.” पेन सरसरले. “आणि ह्याच ‘दु’वरून खाली उतरतोय, अकरा उभा. तीन अक्षरी. ‘लेक, पंडितांच्या घरची.’ हे काय आता? पंडितांच्या घरी लेकी वेगळ्या होतात?”

“नाव वेगळं होतं. दुहिता.” हा शब्द उच्चारताना थोरलीचा स्वर आपसूक खाली आला, देवघरात येतो तसा. लहानपणी वडिलांच्या पाठशाळेच्या ओट्यावर बसून ऐकलेले पाठ तिच्या जिभेवर अजून तसेच ओले होते. “याच्या दोन-तीन फोडी सांगतात. एक म्हणजे दोहन करणारी, धारा काढणारी. लेक घरातली गाय पिळते.”

“लेक आईबापालाच पिळते, असं म्हणायचं असेल त्यांना.”

“तेही म्हणतात. पण वडील आणखी एक सांगायचे: ‘दूरे हिता’. दूर असण्यातच जिचं हित, ती दुहिता.”

धाकटीने अक्षरे भरली. ‘दु’. ‘हि’. ‘ता’. एरवी ती शब्द भरून झाला की पेनाचे टोपण टेबलावर टक् करून आपटत असे. आज ते वाजले नाही.

“झोपलीस काय गं?”

“नाही. शोधतेय.” धाकटी खाकरली. “हां. पंधरा आडवा. दोन अक्षरी. ‘नवऱ्याच्या भावाची बायको, निरोप घेतानाही हाच शब्द...’” ती थांबली, आणि एका दमात म्हणाली, “‘पुढे प्रश्नचिन्ह.’”

उत्तर थोरलीच्या ओठांवर आले होते. जाऊ. नाते तेच, क्रियापद तेच. श्लेष बरा साधला होता. पण ओठ उघडले नाहीत. काहीतरी खटकले. कोडेवाल्याचा हात ती ओळखून होती. शब्दांशी इतकी वर्षे खेळणारा माणूस असली चूक करील? आणि पुढच्याच क्षणी मनातली चौकट उजळली, आणि अकरा उभ्याच्या पायथ्याशी पंधरा आडव्याचे पहिले घर तिला स्वच्छ दिसले.

हे वर्तमानपत्रात छापलेले नव्हते.

उत्तर देऊन मोकळे होता आले असते. ‘जाऊ, लिही,’ एवढे म्हटले असते तर धाकटीला कळले असते की वहिनींना उमगले नाही. तिने मान खाली घालून पुढचा शब्द वाचला असता, आणि पुन्हा विचारण्याचे बळ तिला उभ्या जन्मात आले नसते. सगळे होते तसेच राहिले असते. थोरलीने हे सगळे पाहिले. ते तिला हवेहवेसे वाटले, हेही पाहिले.

“कोडेवाल्याचं आज चुकलं,” ती म्हणाली.

“काय चुकलं?”

“निरोप घेताना ‘जाऊ’ कोण म्हणतं? परक्याच्या दारातला माणूस म्हणतो. आपल्या घरातून निघालेलं माणूस ‘येऊ’ म्हणतं. एवढं ज्याला कळत नाही, त्याने कोडी रचू नयेत.”

धाकटीने पेनाचे टोपण लावले आणि पुन्हा काढले.

“आणि दुसरं. त्या पहिल्या घरात तू आत्ताच ‘ता’ लिहिलास. दुहितेचा. तिथे ‘जा’ बसेल कसा?”

“छापखान्याची चूक असेल,” धाकटी पुटपुटली.

“असेल. छापखान्याच्या नावावर सगळं खपतं. आता खरं काय छापलंय ते वाच.”

वर्तमानपत्र सळसळले. “‘थोरली बहीण.’” धाकटीने वाचले. “एवढंच आहे. ताई.”

“फोड हवी?”

“नको.”

“मग लिही. आणि लिहून झालं की जे विचारायचंय ते सरळ विचार. कोड्यातून विचारायला तू काय परकी आहेस?”

धाकटीने दोन अक्षरे लिहिली. मग पेन खाली ठेवून तिने एका दमात सारे सांगून टाकले: बाळीचे दिवस, जावयाची फिरतीची नोकरी, विहिणीचे अंथरूण, आणि बाळी कसे महिना-पंधरा दिवस नाही, कायमचेच बोलावते आहे. शेवटी म्हणाली, “तुम्हीसुद्धा चला, वहिनी. बाळी म्हणालीये. काकूशिवाय येऊ नकोस, म्हणालीये.”

“पोरीने बोलावलं, पोट भरलं,” थोरली म्हणाली. “पण तिथे मी कोण? बाळीच्या सासूची मी कोण लागते, सांग. विहिणीच्या जावेला काय म्हणतात?”

धाकटीने विचार केला. “विहीणच की.”

“ते लाडानं. हक्काचा शब्द नाही. मामाच्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांची सोय भाषेनं केली, पण इथे तिनेही हात टेकले. जिथे भाषेनं पाट मांडला नाही, तिथे मी जाऊन बसायचं, आणि एका अंथरुणाशेजारी दुसरं घालायचं? बाळीने एक सांभाळावं की दोन?”

“असं नका हो बोलू.”

“रागानं नाही बोलत. इथे मला दाराची कडी हाताला कळते, नळ कुठे गळतो ते कानाला कळतं. नव्या घरी मी खरी आंधळी होईन.”

“आणि इथे? इथे तुमचं कोण करणार?” धाकटीचा संयम सुटला. “पत्र आलं तर? पाय घसरला तर? साधा चहा घ्या. उकळतं पाणी असतं, वहिनी! मी नसले तर सकाळचा चहा कोण देणार तुम्हाला?”

थोरली म्हणाली, “तू अजून विचारलं नाहीस.”

“काय?”

“जे विचारायचं होतं ते. हे सगळं नुसतं शोधसूत्र झालं. शब्द राहिला.”

धाकटीने पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला. टेबलावर कोडे अर्धे भरलेले पडले होते.

“वहिनी, मी... येऊ?”

“ये,” थोरली म्हणाली.

आणि तो शब्द उच्चारून झाल्यावर तिला जाणवले, की तो फार लहान आहे, एका अक्षराचा; कोड्यात कधी न येणारा, कारण एका घराचा शब्द कोणी मोजत नाही.

ती उठली. धाकटीही लगबगीने उठू लागली, तेव्हा थोरलीने हाताने तिला खाली बसवले. “बस तू. आज पाहुणी हो.”

टेबलाची कड, मग कपाटाची कड, मग ओटा. तिने भांडे नळाखाली धरले आणि पाण्याचा आवाज उंच चढताच तोटी बंद केली. काडी पेटली, शेगडीने फस्स केले. डब्यातली पावडर तिने चमच्याने न घेता चिमटीने घेतली. मग ती उभी राहिली, मान किंचित कलती करून, जणू पलीकडून कोणी लाइनवर येण्याची वाट पाहत. पाणी आधी कुजबुजले, मग बोलू लागले, मग भांडू लागले. तिने दूध घातले, पुन्हा वाट पाहिली, आणि फडके घेऊन भांडे उतरवले.

ओतण्यासाठी मात्र तिने कपाकडे पाहिले नाही. तोंड खिडकीकडे वळवले, बाहेरच्या भिंतीवर नजर लावली, आणि त्या नजरेच्या कडेला, डागाच्या पलीकडे, कपाची पांढरी कोर तिला सापडली. भांडे कलले. पहिली धार बशीत पडली. ती थांबली, तिने बोटभर हात सरकवला आणि भांडे पुन्हा कलते केले. गाळणीतून चहा पडू लागला, संथ, वाफाळता, कपाच्या काठाकडे चढत.

धाकटीने आपले दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून धरले होते.