माळावरची सावली

वहिनीच्या नवऱ्याला सगळे 'हॉर्न' म्हणत. बस चालवायचा आणि आवाजही बसला शोभेल असा. वीटभट्टीवाला वस्तीमागचा माळ खणायला यंत्रं घेऊन आला, तेव्हा हाच पहिला आडवा झोपला. का, तर तिथे चंडोल अंडी घालतात. उघड्या गवतात, जमिनीवर. गायला मात्र सरळ आभाळात चढतात. मुठीएवढ्या पक्ष्यासाठी एवढा दांडगा माणूस मातीत लोळतोय म्हणून लोक आधी हसले, मग एकेक करून त्याच्या शेजारी येऊन झोपले. भट्टीवाल्याने काढता पाय घेतला. माळ वस्तीच्या ताब्यात आला, राखीव म्हणून फाटकावर पाटी लागली, समिती झाली.

"आता करायचं काय?" समितीने विचारलं.

"काही नाही," हॉर्न म्हणाला. "तेच तर काम आहे."

एवढं अवघड काम कुणाला झेपणार? तो होता तोवर त्याच्या आवाजाच्या धाकाने सगळे गप्प बसले. तो गेल्यावर औषधाच्या दुकानवाल्या भावजींनी, त्याच्या जिवलग मित्राने, माळाच्या मधोमध त्याच्या नावाचं झाड लावलं. वहिनी तेव्हा रडून रडून अर्धी झाली होती. तिला बरंच वाटलं. मग ज्याच्या घरचं माणूस जाईल त्याने झाड लावायचं, अशी रीतच पडली. आणि माणसं काय, जातच असतात.

बघता बघता माळावर गर्द सावली झाली. लोक बाकांवर बसून म्हणायचे, किती उजाड होतं हो हे, आता कसे डोळे निवतात! वहिनी कपडे शिवता शिवता मशीन थांबवून खिडकीतून चंडोलाच्या गाण्याचा कानोसा घ्यायची. फांदीवर शिकारी पक्षी टपून बसतो, म्हणून झाडांजवळ चंडोल घरटं करत नाही. हॉर्नने हे तिला शंभरदा सांगितलं होतं आणि तिने शंभरदा नुसतं 'हं' केलं होतं. आता एकच जोडी उरली होती, कुंपणाकडच्या उघड्या पट्ट्यात.

तिने समितीत विषय काढला. निदान मधली झाडं काढा, माळ मोकळा करा.

"वहिनी, माझी आई आहे तिथे," शाळेतली शिपाईणबाई म्हणाली.

झाडाशी भांडता येतं, कुणाच्या आईशी कसं भांडायचं? वहिनी खाली बसली. मग तिने ठरवलं, आधी आपलंच काढू, ते बघून बाकीचे वळतील. दुसऱ्या दिवशी करवतवाल्याला घेऊन ती हॉर्नच्या झाडापाशी गेली. "चुकत असेन तर ओरडा," ती खोडाला हात लावून म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तो गप्प राहिला. तिने करवतवाल्याला खूण केली आणि झाड पडलं.

कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही. तेच वाईट झालं. शेजारणी डबे घेऊन आल्या, जाऊ सोबतीला झोपायला आली, आणि दुःख तिच्या डोक्यात गेलं असं सगळ्यांनी हळू आवाजात ठरवून टाकलं. "वहिनी, मन घट्ट करा," भावजी म्हणाले. "आम्ही सगळे आहोत."

होतेच ते. रविवारी तिला हाताला धरून माळावर नेलं. तोडलेल्या खोडाशेजारी नवं रोप होतं. हॉर्नसारख्या माणसाला एकच झाड पुरायचं नाही, म्हणून कुंपणाकडचा सगळा पट्टाही खणला होता. गवत मुळासकट उपटून बाजूला रचलं होतं आणि घराघरातून एकेक रोप लागलं होतं. वहिनी त्या ढिगापाशी वाकून हातांनी गवत चाळू लागली. जोडी कुठेच दिसत नव्हती.

"राहू द्या हो वहिनी, ते आम्ही उचलतो," शिपाईणबाई मायेने म्हणाली.

वहिनीने मान वर केली. नवऱ्याशेजारी मातीत झोपलेली हीच माणसं. कोपरापर्यंत चिखल, चेहरे घामाने भिजलेले, भावजींच्या डोळ्यांत पाणी. एकही वाईट माणूस नव्हता त्यांच्यात. असता तर ती त्याच्यावर तुटून पडली असती. त्याच्यासारखं ओरडावं म्हणून तिने तोंड उघडलं.

"पहिलं पाणी तुमच्या हातचं," भावजी म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातात बादली दिली.

तिने पाणी घातलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.